बोरखुटीची खदानगाडी

बुलढाणा जिल्ह्यातून परत आल्यावर शेजारच्या बायकांनी विचारलं, "लोणारचं सरोवर पाहिलंत ना?" नाही. "शेगावला दर्शन?" स्टेशनवरूनच हात जोडले. "मग इतके दिवस केलंत काय?" दगड वाहायचे सात लोखंडी डबे पाहिले, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. लग्नानंतर आम्ही माथेरानला गेलो होतो, तेव्हा मी सूर्यास्ताच्या कड्यावर आणि आमचे हे गाडीच्या शेडमध्ये होते. मला एकटीला पाहून हॉटेलवाल्याची बायको अशीच बघत होती.

आमच्या ह्यांना अरुंद रुळांच्या गाड्यांचं वेड आहे. मोठ्या गाड्यांचं नाही. मोठ्या गाडीत ते बसतात आणि झोपतात. पण रूळ दोन फुटांवर आले की माणूस जागा होतो. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तर विचारूच नका. एके दिवशी त्यांना फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागेतून एक ठेंगणं इंजिन धूर काढत चाललंय आणि मागच्या डब्यांत संत्री. तो त्यांनी इतक्या वेळा पाहिला की मला त्या इंजिनाचा खोकला पाठ झाला. मग नंबर मिळवला, फोन केला. पलीकडून आवाज आला, "येजा ना भाऊ, खुशाल येजा. रविवारी लग्न बी हाय, जेऊनच जाजा."

लग्न कुणाचं, ते ह्यांनी विचारलं नाही. रुळांचं वजन विचारलं.

गुरुवार

शेगावला सकाळी उतरलो. कचोरी खाल्ली, ती मात्र लोक सांगतात तशीच असते. मग एका काळीपिवळीत माझ्या मांडीवर कुणाचं तरी बाळ आणि ह्यांच्या मांडीवर कुणाची तरी मेथी, असे वरवट बकालला पोचलो. तिथं गुलाबकाका आमची वाट पाहत उभे होते. उंच, वाळलेले, खांद्यावर दुपट्टा. संत्र्याची बाग त्यांची, आणि ती गाडी ज्या जमिनीतून जाते ती जमीनही त्यांची. पाहुण्यांसाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्याच वळणावर मी खुर्चीसकट ट्रॉलीच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. पुढच्या वळणावर हे आले. त्यानंतर आम्ही खाली बसलो.

बोरखुटीच्या फाट्यापुढं रस्ता खणून ठेवला होता. ट्रॅक्टर नाल्यात उतरला आणि पलीकडं चढला.

"पूल बांधून राह्यले," काका म्हणाले.

"कधी होईल?" ह्यांनी विचारलं.

"बांधून राह्यले ना," काका पुन्हा म्हणाले. त्यात सगळं आलं.

या गाडीचा इतिहास काकांनी वाटेतच सांगितला. फार वर्षांपूर्वी जवळच धरणाचं काम निघालं, त्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी दगडाची खदान सुरू झाली. ठेकेदारानं खदानीपासून, नाल्यावर वेगळा पूल बांधून, फाट्यापर्यंत रूळ टाकले, दोन लहान डिझेल इंजिनं आणि कलंडणारे डबे आणले. काम संपल्यावर ठेकेदार गेला. गाडी नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता, म्हणून ती तिथंच राहिली. मग गावानं तिचा संसार वाटून घेतला. रूळ घरांच्या आढ्यांना गेले, डबे गोठ्यांना.

"अन् मंग आमच्या भावाच्या पोरीनं ते सारं परत गोया केलं," काका म्हणाले.

ही पोरगी आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये भेटली. म्हणजे तिचे पाय भेटले. बाकीची ती इंजिनाखाली होती. इंजिन हिरव्या रंगाचं, माझ्या खांद्याइतकं उंच, समोर दोन दिवे आणि चेहऱ्यावर थोडा राग. हे त्या पायांशेजारी उकिडवे बसले आणि गिअरबॉक्सविषयी बोलू लागले. पायही उत्तरं देत होते. बराच वेळ झाल्यावर काहीतरी घरगुती बोलावं म्हणून मी वाकून विचारलं, "रविवारी लग्न कुणाचं आहे गं?"

"माझंच हाय काकू," इंजिनाखालून आवाज आला. "तेवढा तो बारा नंबरचा पाना द्या बरं."

मी पाना दिला. प्रज्ञा बाहेर आली. पंचविशीतली, सावळी, कपाळावर ग्रीसचा पट्टा. तिनं आयटीआयत डिझेल मेकॅनिकचं शिक्षण घेतलं होतं, फाट्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवत होती. हळदीला दोन दिवस उरले असताना आमच्याकडच्या मुली पार्लरमध्ये असतात. हिच्या नखांत काय होतं ते काढायला पार्लरवालीला रॉकेल लागलं असतं.

शुक्रवार

सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. आमच्या सांगलीकडं आम्ही स्वतःला तिखट खाणारे समजतो. मी पहिला घास घेतला आणि तो समज सोडून दिला. ह्यांना तिखट लागल्याचं कळलंच नाही. ते एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी घेऊन डब्यांकडं निघाले होते.

डबे सात. प्रत्येक डबा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन आडव्या कण्यांवर झोपाळ्यासारखा टांगलेला. बाजूची खिट्टी काढली की कुशीवर वळतो आणि पोटातलं सगळं ओततो. आठवा एक डबा छपराचा, आत समोरासमोर दोन बाकं, तो मुकादमाचा. पूर्वी त्यात बसून मुकादम खदानीत जायचा. मधल्या काळात त्यात गावची पिठाची गिरणी होती, त्यामुळं अजूनही त्यात जोरात बसलं की पीठ उडतं.

हे डबे गोळा करताना प्रज्ञाला जे सोसावं लागलं ते तिच्या आईनं, वत्सलाबाईंनी, मला चहा पिता पिता सांगितलं. कुणी सरकी भिजवायला वापरत होतं, कुणी पाणी साठवायला. एक डबा तर एका म्हशीची गव्हाण होता. मालक द्यायला तयार झाला, म्हैस होईना. नवीन सिमेंटची गव्हाण बांधून दिली तरी ती तोंड लावेना. शेवटी तिची सवय मोडेपर्यंत तिचा चारा रोज गाडीच्या शेडमध्ये आणून त्याच डब्यात टाकावा लागला.

"म्हशीची तरी सवय मोडली," वत्सलाबाई म्हणाल्या, "पण आमच्या गुलाबभाऊचं काय करावं ते समजून नाई राह्यलं."

मी विचारलं, काय झालं? तेव्हा खरी गोष्ट कळली. बाग तोडणीला आली होती. गाडी चालू राहिली तर सगळ्या शेतकऱ्यांची संत्री फाट्यापर्यंत जाणार. पण इंजिन एकट्या प्रज्ञाला चालवता येई, आणि ती रविवारी लग्न होऊन साखरखेर्ड्याला निघाली होती. म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडी बंद पडली तर आपापले डबे परत नेऊ, असं गावात लोक बोलूही लागले होते. हातात हँडल द्यावं असा माणूस एकच होता, गुलाबकाका. रूळ घालण्यापासून ते तिच्यासोबत होते. आणि लग्न ठरल्यापासून काका हँडलला हात लावत नव्हते.

"काऊन नाई लावत, विचारा त्यायले," वत्सलाबाई म्हणाल्या. "म्हणते, मले जमत नाई. चाळीस वर्षं डिझेलचा पंप चालवला त्या माणसानं!"

माझ्या लक्षात आलं. आपण शिकलो नाही तर पोरीला जाता येणार नाही, असा त्यांनी मनाशी काहीतरी हिशोब धरला होता. माझ्या भावानं त्याच्या नातवाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी पोराचे बूट लपवले होते, त्यातलाच प्रकार.

इकडं हे दुसऱ्या इंजिनाकडं वळले होते. ते चालत नाही; त्याचे सुटे भाग पहिल्याला लावलेत. पण त्यावर मूळ कारखान्याची पितळी पाटी शाबूत आहे, आणि ती वाचण्यासाठी हे एवढ्या लांब आलेले. पाटी चालकाच्या बैठकीखाली. बैठकीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"पिल्लं निघेपर्यंत तिले कोणी हात लावत नाई," प्रज्ञानं बजावलं.

हे पोटावर पालथे पडले, मोबाइलचा दिवा लावला आणि हळूच आत डोकावले. पहिले दोन आकडे वाचले. तिसऱ्या आकड्याला कोंबडीनं त्यांच्या नाकावर चोच मारली. रात्री जेवताना त्यांच्या नाकावर हळद होती. लग्नघर असल्यामुळं कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

शनिवार

आज आमच्या ह्यांनी गावाची अडचण सोडवायची ठरवली. "इंजिन मी चालवून दाखवतो," ते काकांना म्हणाले. "माझ्यासारख्या माणसाला जमलं तर तुम्हाला का नाही जमणार?" यात त्यांनी दोघांचाही थोडा अपमान केला, पण हेतू चांगला होता.

ते इंजिन हँडल मारून सुरू करावं लागतं. वरचा खटका उचलायचा, हँडल गरगर फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. ह्यांनी तासभर फिरवलं. आयुष्यभर इंजिनांविषयी वाचलेला माणूस आणि इंजिन, दोघं समोरासमोर धापा टाकत होते. म्हणजे हे टाकत होते. इंजिन शांत होतं. शेवटी प्रज्ञानं एका फेऱ्यात सुरू करून दिलं आणि ह्यांना म्हणाली, "काका, तुम्ही आता डब्यात बसा. सोडते तुम्हाले खदानीपर्यंत."

हे आनंदानं पहिल्या डब्यात चढले. मी मुकादमाच्या डब्यात पीठ उडवत बसले. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना संत्र्यानं लगडलेली झाडं, डब्याच्या काठाला फांद्या घासत होत्या, हात न लांबवता फळ हातात येत होतं. पुढं सातपुडा निळा. मी ह्यांना हाक मारली, बघा हो किती सुंदर आहे. हे डब्याच्या आत वाकून खिट्टी बघत होते.

खिट्टी कशी बसते ते बघायचं तर ती काढावी लागते.

डबा अगदी संथपणे, मोठ्या अदबीनं डावीकडं वळला आणि त्यानं आमच्या ह्यांना ओतलं. खाली काकांचा शेणखताचा ढीग होता. ते कमरेपर्यंत त्यात गेले. प्रज्ञानं गाडी थांबवली, मी धावत गेले, काका धावत आले. हे आमच्याकडं पाहून म्हणाले, "डावीकडं कलंडतो! मला वाटत होतं दोन्हीकडं कलंडत असेल."

काका इतके हसले की रुळावरच बसले. प्रज्ञाही हसली. आणि हसता हसता तिनं तिथंच तो विषय काढला.

"काका, पाहा बरं, पाव्हण्यानं एवढी मेहनत केली. तुम्ही एक डाव हँडल धरा."

काकांचं हसू गेलं. "मले नाई जमत."

"जमत नाई का करायचं नाई?"

"तू गेल्यावर म्या या गाडीवर बसणारच नाई. डबे नेऊ दे ज्याचे त्याले. म्हशीले बी बरं वाटंन."

"मंग उद्या मी फाट्यावर कशी जाऊ?" प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे रूळ तुम्ही अन् म्या टाकले ना? मले वाटलं होतं, माह्या गाडीत बसून जाईन अन् तुम्ही सोडून द्यान मले. ट्रॅक्टरात जाऊ का आता, नाल्यातून?"

काकांनी दुपट्टा झटकला आणि झाडांमधून निघून गेले. आम्ही दोघी मागं राहिलो, आणि खतातून हे म्हणाले, "मला जरा हात देता का?"

रविवार

लग्न दुपारी बाराचं. आमच्याकडं मुहूर्त गाठण्यासाठी भटजी घड्याळाकडं पाहतात. इथं घड्याळ प्रज्ञाच्या वडिलांच्या हातात होतं. उत्तमराव जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते, आणि घंटा वेळेवर वाजणं हे त्यांच्या मते माणुसकीचं पहिलं लक्षण होतं. मांडवात बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, फुलं, पांढरी चादर, सगळं तयार. स्वयंपाकाच्या चुलाणांवर वांग्याची भाजी रटरटत होती, कणकेच्या बट्ट्या तळल्या जात होत्या.

अकराच्या सुमाराला फोन आला. साखरखेर्ड्याहून पहाटे निघालेली वऱ्हाडाची बस फाट्यावर पोचली होती आणि पुढं येऊ शकत नव्हती. आज रस्त्यावर मुरूम टाकून देतो असं पुलाच्या मुकादमानं सांगितलं होतं. मुरूम आला होता, पण तो रस्त्याच्या मधोमध ढीग करून ठेवला होता आणि मुकादमही कुठल्याशा लग्नाला गेला होता.

"गाडी न्या!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी गुलाबकाकांकडं पाहिलं. काका मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांनी खाली पाहिलं.

"मले जमत नाई," ते पुटपुटले.

तेवढ्यात घरातून पांढऱ्या साडीतली नवरी बाहेर आली. अंगावर फुलांचे दागिने आणि त्यावर वडिलांचा जुना शर्ट, बटणं लावून.

"नवरी नवरदेवाले आणाले जाते का कुठं?" उत्तमराव म्हणाले.

"बाबा, अकरा वाजून गेले," प्रज्ञा म्हणाली.

हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग मुलीकडं पाहिलं. "जाय," ते म्हणाले. "पण लवकर ये."

आम्ही तिच्याबरोबर गेलो. हे अर्थातच, आणि मी ह्यांच्यावर लक्ष ठेवायला. फाट्यावर वऱ्हाड उन्हात उभं होतं. नवरदेव मिलिंद, बँकेत कारकून, पांढराशुभ्र सूट, चेहऱ्यावर घाम. हिरवं इंजिन धूर सोडत आलं आणि त्यातून आपली नवरी उतरली, हे बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. बाजूला त्याची आत्या म्हणाली, "अगं बाई, ही काय करू लागली?" त्यांची बोली इकडच्याहून वेगळी, जालन्याकडं झुकलेली, पण काळजी कुठल्याही बोलीत कळते.

उतरल्याबरोबर इंजिन बंद पडलं.

मिलिंद पुढं आला. "मी काही करू का?"

प्रज्ञानं त्याच्या सुटाकडं पाहिलं. "हँडल मारता येते?"

"नाही."

"मंग शिका."

तिनं खटका धरला, त्यानं हँडल फिरवलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक उचकी. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं आणि नळीतून काळ्या धुराचा एक गोळा निघून थेट नवरदेवाच्या छातीवर बसला. आत्या किंचाळली. मिलिंदनं खाली पाहिलं, मग प्रज्ञाकडं पाहिलं आणि हसायला लागला. फोटोवाल्यानं नेमका तो क्षण टिपला. मला वाटतं, त्या लग्नातला तोच सगळ्यात चांगला फोटो असणार.

आत्याबाई आणि वयस्कर मंडळी मुकादमाच्या डब्यात बसली. बाकी वऱ्हाड डब्यांत उभं राहिलं. प्रत्येक डब्याची खिट्टी आमच्या ह्यांनी स्वतः तपासली. त्या कामासाठी त्या दिवशी त्यांच्याइतका अनुभवी माणूस तिथं दुसरा नव्हता. वाटेत लोक डब्यांतून संत्री तोडून खात होते. बारा वाजायच्या आत आम्ही मांडवात होतो. हेडमास्तरांनी घड्याळाला किल्ली दिली.

लग्न सुंदर झालं. वंदना, त्रिशरण, पंचशील, एकमेकांना हार आणि वरून फुलं. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांनी पाहुण्यांचा कस लागतो. इथं सगळं शांतपणे, थोडक्यात आटोपलं आणि लोक बट्ट्यांकडं वळले. वरण, बट्टी, वांगं, बुंदी. आत्याबाई माझ्या शेजारी बसून जेवल्या. त्यांच्या पाठीला पीठ लागलं होतं. मी सांगितलं नाही.

निघायची वेळ झाली. ऊन कलतं झालं होतं. वत्सलाबाई रडत होत्या, उत्तमराव चष्मा पुसत होते. प्रज्ञा आईच्या गळ्यातून सुटून ट्रॅक्टर कुठं लावलाय ते बघू लागली. तेव्हा शेडकडून इंजिनाचा आवाज आला.

एकाच फेऱ्यात सुरू झाल्याचा आवाज होता तो. सगळे तिकडं धावलो. गुलाबकाका चालकाच्या जागी बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला दुपट्टा बांधलेला, नजर सरळ समोर. कुणाकडंही न पाहता ते म्हणाले, "बसा. उशीर होऊन राह्यला."

प्रज्ञा एक क्षण उभी राहिली. मग पहिल्या डब्यात चढली. मिलिंद तिच्या शेजारी. आम्ही मागं. गाडी निघाली. काका ती इतकी हळुवार चालवत होते की डब्यातल्या परातीतली फुलं हलत नव्हती. ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "यांना आधीपासूनच येत होतं." मी म्हटलं, मला शुक्रवारीच कळलं होतं.

बागेच्या मध्यावर गाडी थांबली. इंजिन चालू होतं, पण काका जागचे हलत नव्हते.

"काय झालं काका?" प्रज्ञानं विचारलं. ती साडी सावरून डब्यातून उतरली, इंजिनापाशी गेली, झाकण उघडलं, आत पाहिलं. "सारं त ठीक हाय. काऊन थांबवली?"

काका समोरच बघत होते. "आवाज ऐक," ते म्हणाले. "बरोबर हाय का?"

तिनं पत्र्यावर हात ठेवला, डोळे मिटले. "बरोबर हाय काका."

"नीट ऐक."

तिनं कान पत्र्याला लावला. फुलांच्या दागिन्यांसकट ती तशीच वाकून उभी राहिली. काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

मागच्या डब्यातून आत्याबाईंनी विचारलं, "काय बिघडलंय रं मिलिंद?"

"काही नाही बिघडलं आत्या," मिलिंद हळू आवाजात म्हणाला. "बस तू. तिचं ऐकून होऊ दे."